मामांनी सोडलेला नारळ

आमच्या थोरल्या मामांइतक्या गोष्टी सोडलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्यातली एकही त्यांना वाईट वाटत होती म्हणून त्यांनी सोडलेली नाही. अष्टमी गावात त्यांच्या घरी दर रविवारी वीस-पंचवीस ख्रिस्ती माणसं उपासनेला जमतात आणि मग तिथेच जेवतात; पेणला राहणारा मीही अधूनमधून जातो. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या मते पत्त्यातल्या राणीला हात लावणारा माणूस देवाच्या हातून सुटतो, म्हणून मामांनी पत्ते सोडले. एका निवृत्त मास्तरांना प्रभूच्या दिवशी शीळ घातलेली खपत नसे, म्हणून मामांनी रविवारी शीळ घालणं सोडलं. मग वार लक्षात राहीना, म्हणून आठवडाभर सोडलं. हे शास्त्राला धरून नाही, असं मी पेणहून खास येऊन त्यांना समजावलं. मामा म्हणाले, “मला ठाऊक हाय. पण त्यांना ठाऊक नाय ना.”

पण नारळाची गोष्ट वेगळी. कोकणातली माणसं जेवणात नारळ खातात. मामा नारळासाठी जेवत. मी पेणचे पोहे नेले की बशीत आधी ओलं खोबरं पडे आणि त्यावर चवीपुरते पोहे. मामी खवायला बसल्या की मामा काहीतरी विचारण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जात, आणि उत्तर न ऐकता तोंड हलवत बाहेर येत. अशा माणसाने नऊ वर्षं खोबऱ्याचा कीस तोंडात घातला नाही, आणि तेही सुदामसाठी.

सुदाम धाटावला एका कंपनीत शिफ्टला जातो. गावच्या राखणदार देवाला नारळ वाढवायचा मान पिढ्यानपिढ्या त्याच्या घराकडे होता. तो आमच्यात आला तेव्हा भावांनी बोलणं टाकलं, बायको माहेरी गेली. रविवारी आमच्या पंगतीत मिळे तेवढाच त्याला चारचौघांतला घास. तो नवीन असताना एकदा प्रार्थना चाललेली आणि आत मामींनी आमटीसाठी नारळ फोडला. तो आवाज ऐकून सुदामचे हात आपोआप कपाळाशी गेले. मग तो घामाघूम झाला, उठला, चपला घालून निघून गेला, आणि पुढचे दोन रविवार आलाच नाही.

मामा शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटावर जाऊन उभे राहिले. सुदाम म्हणाला, नारळ दिसला की आपण कोणाचे तेच आपल्याला कळेनासं होतं. नारळ म्हणजे नुसतं फळ, असं मामा त्याला सांगू शकले असते. मी तर सांगितलंच असतं. मामा म्हणाले, “रविवारी जेवायला ये,” आणि घरी येऊन मामींना सांगितलं की यापुढे या घरात नारळ नाही.

“नारळानं काय पाप केलंय?” मामींनी विचारलं.

“नारळानं नाय गो केलं. त्या पोराला घालवून मी खाल्ला तर मी करीन.”

सुदामला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. कोणी विचारलं तर मामा आधी म्हणत, पोटाला सोसत नाही. मग खोटं बोलल्याची टोचणी लागली, म्हणून नुसतं “सध्या नको” म्हणू लागले. पेणला एका लग्नात त्यांनी नारळाची वडी ताटातून बाजूला काढली, तेव्हा मी चिडून म्हणालो, सुदाम इथे कुठे आहे? मामा म्हणाले, एकदा सवय मोडली की रविवारी हात आवरायचा नाही. मामी त्या नऊ वर्षांत दाण्याचं कूट घालून आमटी करत. आमटीबद्दल मी काही बोलत नाही, कारण ती मामींनी केलेली असे.

गेल्या महिन्यात एका रविवारी मामी तापाने आतल्या खोलीत पडून होत्या, म्हणून शेजारणीने पातेलंभर वालाचं बिरडं पाठवलं, वरून खोबरं भुरभुरलेलं. मामांनी ते पाहिलं आणि शेजारी बसलेल्या सुदामच्या ताटावर हात आडवा धरला. त्याच वेळी सुदामचा हात मामांच्या ताटावर आला.

“मामा, नारळ हाय त्यात. तुमाला चालत नाय.”

“मला काय झालंय? तुला चालत नाय.”

“मी खातो की घरी,” सुदाम म्हणाला. “बायको परत आली तवापासून. पाच वर्षं झाली. भ्या कवाच गेलं. हितं नाय खात, तुमचं पथ्य मोडंल म्हणून.”

आतून मामींचा आवाज आला, “पाच वर्षं.” मग, “ते पातेलं आधी इकडे आणा.”

सुदामच्या लक्षात सगळं हळूहळू आलं. त्याचे डोळे भरले. मला सांगायचं होतं ना मामा, असं तो दोनदा म्हणाला.

“सांगितलं असतं तर तू पुढच्या रविवारी आला नसतास,” मामा म्हणाले, आणि भात कालवायला लागले.

मला तिथे बसून स्वतःची लाज वाटली. मी असतो तर सुदामला पंधरा मिनिटांत, शास्त्राच्या आधाराने, नारळात काही नसतं हे पटवून दिलं असतं. त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि तो रविवारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एकटा जेवला असता. वादात मी सहसा हरत नाही. पेणला माझ्या घरी रविवारी जेवायला कोणी येत नाही.