सामनिआंग मावशीच्या स्वयंपाकघरातला रस्ता

नोन्थाबुरीत पूर्वी डुरियानच्या बागा होत्या. बागा विकल्या गेल्या, पाट बुजले आणि ज्याने त्याने आपल्या पट्ट्यात आपली गल्ली पाडली. ती शेजारच्या गल्लीला भेटते का, हे बघायला कोणाला सवड होती? अबोला धरलेल्या जावांसारख्या गल्ल्या शेजारी शेजारी पडून राहिल्या. मावशीची नणंद चियांग माईला, भाचा खोन केनला. तिकडेही म्हणे शहर शेतं खात सुटलंय, नव्या वसाहतीला फाटक एकच, आणि भिंतीपलीकडचं दुकान गाठायला गाडी काढावी लागते.

सामनिआंग मावशीचं घर गल्लीच्या अगदी टोकाला. त्याच्यापुढे रस्ता संपतो, पण लोक संपत नसत. चपला पुढच्या दारात काढून हातात धरायच्या, स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात यायचं, भिंतीच्या खिंडारातून पलीकडच्या गल्लीत उतरायचं. जकात एकच, ताजी बातमी. शिळी बातमी आणणाऱ्याला मावशी लसूण सोलायला बसवी.

तिची स्वतःचीही हीच वाट. थोरली बहीण प्राथिन पलीकडच्या गल्लीत एकटी राहते, गुडघे कामातून गेलेले. दोन्ही वेळची आमटी मावशी डब्यातून नेते. हमरस्त्याने वळसा घालायचा तर आमटी निवते आणि मावशी वितळते.

खिंडारापलीकडचा रिकामा प्लॉट बँकेतल्या कुन विराच यांनी घेतला. घर झालं. जागेच्या राखणदार देवाचं छोटं देऊळ खांबावर बसवायला पुरोहित आला. त्याने ईशान्य कोपऱ्यात दोन जागा चालतील म्हणून सांगितलं. बोलावणं नसताना मावशी फळांचं तबक आणि देवाला आवडणारं लाल सरबत घेऊन हजर होतीच.

"खिंडारासमोर बसवा की," ती हळूच म्हणाली. "उगवतीचं ऊन थेट देवाच्या पायाशी येईल."

सगळ्यांना पटलं. कुन विराच यांच्या बायकोला, नारुमोनला, तर फारच.

महिन्याभरातच कुन विराच यांनी विटा आणल्या. भिंत उंच करायची आणि खिंडार बुजवायचं. माणूस सभ्य, आधी सांगायला आला.

"मावशी, लोक माझ्या खिडकीखालून चपला हातात घेऊन जातात. चोर कोण, शेजारी कोण, कळत नाही."

"चोर चपला घालून पळतात हो," मावशी म्हणाली.

तो हसला, पण त्याने ऐकलं नाही. बातमी प्राथिनपर्यंत पोहोचली. आता गार आमटी खात मरायचं, असा तिने उलट निरोप पाठवला. त्या दिवशी मावशीने कोणाकडूनही बातमी घेतली नाही. लोक बिचकतच स्वयंपाकघरातून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोगऱ्याचा हार घेऊन देवळापाशी गेली. गवंड्यांनी खिंडार छातीइतकं भरत आणलं होतं आणि भिंतीची सावली देवळावर पडली होती. मावशीने उदबत्ती लावली, हात जोडले आणि ते काही केल्या सोडेना.

"काय झालं, मावशी?" नारुमोनने विचारलं.

"काही नाही गं. देव सावलीत गेले, एवढंच. माझं काय, मी आपली म्हातारी."

घराची सावली राखणदारावर पडू नये, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. नारुमोनचा चेहरा उतरला. कुन विराच म्हणाले, ही भिंत आहे, घर नव्हे. नारुमोन म्हणाली, मग देवाची समजूत तुम्हीच काढा. देव हलवायचे तर पुरोहित, मुहूर्त, माफीचा नैवेद्य, आणि त्यात देव रागावले तर? दुपारपर्यंत खिंडारातल्या विटा परत काढल्या गेल्या. तिथे लोखंडी गजांचं दार बसलं. गजांतून ऊन जातं, दारातून माणसं.

तबक घेऊन गेली तेव्हाच मावशीच्या डोक्यात हे होतं का, असं आळी अजून विचारते. जागा पुरोहिताने ठरवली, असं म्हणून ती आमटी ढवळते. पण गालातलं हसू तिला लपवता येत नाही.

नावेचा धक्का मावशीच्या गल्लीकडे असल्यामुळे हल्ली कुन विराचही बूट हातात धरून तिच्या चुलीपुढून जातात. परवा त्यांनी बँकेतल्या साहेबाच्या भानगडीची बातमी दिली. मावशीने इतकी तिखट बातमी वर्षात ऐकली नव्हती.

त्याच पावली ती डबा घेऊन बहिणीकडे गेली. प्राथिनने झाकण उघडलं, वाफ तोंडावर घेतली, एक घास खाल्ला.

"गरम आहे," ती म्हणाली. "पण मीठ विसरलीस. कोण आलं होतं?"