आधी थंड घाला

१९७८ च्या थंडीत नंदनवन वस्तीतल्या एका सहा बिऱ्हाडांच्या चाळीत एकच तांब्याचा बंब पेटत होता. तो यमुताईंचा. मुलींच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. त्यांच्या दारात माणूस यायचं ते सकाळी, बादली घेऊन.

बंबाची तोटी वरच्या काठाजवळ होती. नरसाळ्यातून ओतलेलं थंड पाणी नळीतून तळाशी जाई आणि वर साठलेलं कढत पाणी तोटीतून बाहेर पडे. म्हणून चाळीचा नियम होता: बादलीभर थंड ओतायचं, बादलीभर गरम न्यायचं.

पाणी तापवायचे विजेचे रॉड आले तशा बादल्या कमी झाल्या. शेवटी उरली पारशिवनीहून लग्न होऊन आलेली प्रेमिला. संक्रांतीआधी तिच्याही नवऱ्यानं रॉड आणला. चार दिवस कोणी आलं नाही. यमुताई बंब पेटवत राहिल्या.

पाचव्या दिवशी प्रेमिला बादली घेऊन आली. थंड पाणी ओतता ओतता म्हणाली, "रॉड बिघडला वाटते. पिंपात वरून हात पोळून राहिला अन् खाली बरफ. हे म्हणतात, दुकानदारानं फसवलं."

"पिंपात? टांगलास कसा?"

"आडव्या काठीले."

"टोक कुठवर पोचतं?"

"अर्ध्यावर असन. जाऊ द्या ना. मी आपली इथंच येत जाईन. दोन गोष्टी तरी होतात."

बादली भरली. यमुताईंनी बंबात एक ढलपी सारली, मग आणखी एक.

"रॉड चांगला आहे," त्या म्हणाल्या. "तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं, खाली येत नाही. पिंप सोड, बादली घे. रॉड तळाजवळ पोचला की खालचं तापून वर चढेल, वरचं थंड खाली येईल. सगळं फिरतं. आणि बटण बंद केल्याशिवाय हात घालू नकोस."

"एवढंच? अन् ह्यायनं त्या दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या."

दुसऱ्या दिवशी प्रेमिलानं आपल्या दारातूनच सांगितलं, "वरखाली सारखं तापलं बरं, यमुताई."

"छान झालं."

यमुताईंनी तोटीखाली बादली ठेवली आणि कोणी थंड ओतायला येईल अशा सवयीनं पाटावर बसून राहिल्या. बंब सणसणीत तापला होता. तोटीतून थेंब पडला नाही. थोड्या वेळानं त्या उठल्या, चाळीच्या हौदातून थंड पाणी आणलं आणि नरसाळ्यात ओतलं.