बिल मांडलंत, मत कुठं टाकलंत?

काठीचं टोक माझ्या टाळूवर टक्कन बसलं. वरून आवाज आला, "हळू रे जनावरा! पाहुण्यांना हसू येतंय माझं."

वर मेंबरसाहेब बसले होते. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलाचे मेंबर. खाली आम्ही चौघं ठाकर. वेताच्या खुर्चीला दोन बांबू बांधलेले, बांबू आमच्या खांद्यांवर. कुरवंड्यापासून नागफणीच्या टोकापर्यंत त्यांना वाहून न्यायचं, वारा खाऊ द्यायचा, परत आणायचं. पुढच्या बांबूंना मी आणि माझा बाप. मागून पाहुण्यांच्या खुर्च्या, त्यांच्याखाली आमचेच भाऊबंद. मजुरी? वेठीला कसली आलीय मजुरी! आमची वाडी त्यांच्या जमिनीवर होती, तेवढं पुरे होतं.

वेठ नेमकी वैशाखात यायची. बड्या लोकांना लोणावळ्याची हवा तेव्हाच लागते. आणि आमची भाजणी तेव्हाच असते. वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरून तो राब भाजायचा, मग त्या राखेत भात पेरायचं. वळवाच्या आधी राब भाजला नाही तर रोप उठत नाही. रोप नाही तर लावणी नाही, आणि मग वर्षभर रानात कंद उकरत फिरा. आदल्या वर्षी आमचा राब या खुर्चीपायी भिजला होता. आई आम्हाला पेज वाढायची आणि स्वतः पाणी पिऊन झोपायची. मला या माणसाची चीड होती. अजून आहे.

त्या दिवशी चढणीवर मेंबर पाहुण्यांना सांगू लागले, "कौन्सिलात बिल मांडलंय मी. वेठबिगार बंद! कलंक आहे हो हा आपल्या समाजाला." पाहुणे म्हणाले, वा वा.

आम्ही घामानं निथळत होतो. पण बापानं कान टवकारले. उतरल्यावर मला म्हणाला, "आयकलंस का रं? मेंबरानं येठ बंद केली!"

बिल मांडणं वेगळं आणि कायदा होणं वेगळं, हे आमच्या वाडीत कुणाला ठाऊक असणार? मोठा माणूस बोलला म्हणजे झालं, हीच आमची समजूत. वाडीनं त्यांच्या नावानं वाघजाईला कोंबडा दिला. बायकांनी त्यांचं नाव घालून गाणं रचलं. मीही नाचलो.

पुढच्या वैशाखात मेंबरांचा कारभारी दारात. "चला, खुर्च्या काढा."

बापानं हात जोडले. "भाऊ, येठ बंद झाली न्हवं? मेंबरसायबांनीच केली की."

कारभाऱ्यानं पायातली वहाण काढली आणि बापाच्या तोंडावर मारली. बायकापोरांसमोर. "मला कायदा शिकवतोस, ठाकरड्या?"

बाप रक्त थुंकला. तोंड पुसलं आणि बांबू उचलायला वाकला. दुसरीकडून मी वाकलो.

अर्ध्या चढणीवर एका पाहुण्यानं मागून हाक मारून विचारलं, "मेंबरसाहेब, तुमच्या त्या वेठीच्या बिलाचं काय झालं?"

"मागं घेतलं. सरकार म्हणालं, विचार करू. पेपरात नाव आलं, आपलं काम झालं."

"दुसऱ्या कुणीतरी तसंच आणलं होतं ना?"

"आणलं की. मी विरुद्ध मत दिलं. अहो, ते पास झालं असतं तर आज तुम्ही चालत आला असता!"

हसले. सगळे हसले. त्यांच्या हसण्यानं बांबू माझ्या खांद्यावर हलत होता. आणि हे सगळं चांगल्या मराठीत, आमच्या डोक्यावर बसून. आम्हाला कान आहेत, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मी बापाकडं पाहिलं. ओठ सुजून काळा पडला होता.

"आबा, ठेव खाली."

"लेका, जमीन जाईल."

"जाऊ दे. ठेव."

माझ्याआधी बापच वाकला. मागचे दोघंही वाकले, खुर्ची वाटेवर टेकली. बाजूला दरी होती. ढकलून द्यावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण मला त्यांचा जीव नको होता. मला माझा खांदा हवा होता.

"उचला! उचला म्हणतो ना!" काठी हवेत.

मी काठी धरली. म्हणालो, "तितं तुमी तुमचं मत दिलं. हितं ह्ये आमचं."

मागच्या खुर्च्याही खाली टेकल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मंडळी बूट घसरवत, एकमेकांचे हात धरत खाली उतरली.

पुढं गोड काही झालं नाही. आमच्या झोपड्या पाडल्या, भाजलेले वाफे दुसऱ्या कुळाला दिले. बाप रेल्वेच्या रुळांच्या कडेला खडी फोडता फोडता गेला. मी लोणावळ्यात रेल्वेत हमाली धरली, भाड्यानं खोली घेतली. पुढं मताचा हक्क जरा खालपर्यंत, ठरावीक भाडं भरणाऱ्यांपर्यंत उतरला, तेव्हा त्या भाड्यामुळं मीही मतदार झालो.

आणि मेंबर मतं मागायला आमच्या चाळीत आले. हात जोडून. मला ओळखलं नाही. म्हणाले, "गोरगरिबांची वेठ बंद व्हावी म्हणून कौन्सिलात पहिलं बिल मी आणलं!" टाळ्या पडल्या.

मी उभा राहिलो. "बिल मांडलंत. मत कुटं टाकलंत?"

ते नळाच्या पाण्याबद्दल बोलू लागले. मी पुन्हा विचारलं. मग मागून एक म्हातारी ओरडली, "सांगा की वो, कुटं टाकलंत?" मेंबर घाम पुसत मोटारीत बसले.

कुणी कसलं बिल मांडलं, हे मला सांगू नका. मांडायला काय जातं? माझ्या दारात मत मागायला येणाऱ्यानं आधी स्वतःचं मत कुठं पडलं ते सांगायचं. पगडीवाला असो, टोपीवाला असो, उद्या आमच्यातला ठाकर असो. नाही सांगितलं तर त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. माझा सख्खा भाऊ असला तरी नाही.