साडूची आरव्ही आणि माझ्या शेजारची सीट

आरव्ही घ्यायची कल्पना माझी होती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात आता हे कुणालाही आठवत नाही.

कित्येक वर्षं रात्रीच्या जेवणानंतर मी आरव्हीचे व्हिडिओ बघत बसायचो. चाकांवरचं अख्खं घर. पलंग, फ्रीज, गॅसची शेगडी, सिंक, संडास, सगळं एका गाडीत. कुठली कंपनी चांगली, छत कुठे गळतं, टायर किती वर्षांनी बदलायचे, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. बायको म्हणायची, "गाडी घेणार आहात की पीएचडी करणार आहात?" मी म्हणायचो, अभ्यास नको का करायला? एवढी मोठी वस्तू.

मग एका वर्षी गणपतीच्या जेवणात मोदकाचं ताट हातात धरून मी हा सगळा अभ्यास माझ्या साडूला ऐकवला. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा. माझ्याहून लहान, उंच, केस अजून सगळे जागेवर. तोही आमच्यासारखाच टेक्सासातल्या प्लेनोत राहतो. त्याने शांतपणे ऐकलं, मधूनमधून "इंटरेस्टिंग, यार" म्हटलं, आणखी दोन मोदक घेतले. दिवाळीच्या फराळाला त्यांच्याकडे गेलो तर ड्राइव्हवेत आरव्ही उभी. सेकंडहँड, पण चकाचक. पुढे नारळ फोडलेला.

"साडूभाऊ, तुमच्याच सल्ल्याने घेतली बरं का," तो म्हणाला.

हे वाक्य तो एकदाच म्हणाला. त्यानंतर कधीच नाही.

मार्चमध्ये सासरे नागपूरहून आले. सासूबाई गेल्यापासून ते दर दोन वर्षांनी येतात. वीज मंडळातून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघावा म्हणून मी लग्न झाल्यापासून धडपडतो आहे. एकदा मी त्यांच्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या. ते म्हणाले, "पूजेला चालतील." तर ह्या खेपेला मुलांच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये सगळ्यांनी न्यू मेक्सिकोतलं पांढऱ्या वाळूचं मैदान बघायला जायचं ठरलं. आरव्ही आणि मागून आमची मिनीव्हॅन, अशी वरात.

मी ठरवलं, बाबांना आपल्या गाडीत बसवायचं. मी थोरला जावई. तो मान माझा. शेजारच्या सीटवर कमरेला टेकायला उशी ठेवली, सीट गरम होण्याचं बटण तपासलं, त्यांची आवडती जुनी नाट्यगीतं फोनवर लावून ठेवली, कपहोल्डरमध्ये बडीशेपेची डबी. बायकोला सांगितलं, तू मागे बस. ती म्हणाली, "मी तर आरव्हीतच बसणार. तिथे चहा करता येतो."

मुलगी आधीच तिकडे गेली होती. "डॅड, दे हॅव अ बेड!" एवढंच बोलली.

आणि बाबा? बाबा आरव्हीच्या पुढच्या खुर्चीत बसून झाले होते. ती खुर्ची विमानातल्या पायलटची असते तशी, गोल फिरते, हात ठेवायला दोन्हीकडे गादी. त्यांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरून पाहिलं आणि म्हणाले, "याला म्हणतात गाडी."

असं निघालं बिऱ्हाड. पुढे आरव्हीत सगळं खानदान. मागे मी, सगळ्यांच्या बॅगा, प्रेशर कुकर, तांदळाचं पोतं आणि नाट्यगीतं.

आता साडूच्या आरव्हीची एक गंमत सांगतो. तिच्यात संडास होता, पण तो वापरायला बंदी होती. लघवी चालेल, बाकी काही नाही. त्यासाठी महामार्गावरच्या रेस्ट एरियात थांबायचं. कारण असं, की आरव्हीतल्या संडासाचं सगळं खालच्या एका टाकीत साठतं, आणि ती टाकी नंतर मालकाने स्वतःच्या हाताने नळी लावून रिकामी करायची असते. आपल्याकडच्या आरव्ही घेतलेल्या बहुतेक घरांत हाच नियम आहे, मी चौकशी केली आहे. गोरी माणसं ते काम कॉफी पीत करतात. आपण लाखभर डॉलरचं फिरतं घर घेऊ, पण ती नळी? छे.

त्यामुळे प्रत्येक रेस्ट एरियात आमची वरात थांबायची. मला ह्याचा फार आनंद व्हायचा. टेक्सासातले रेस्ट एरिया स्वच्छ असतात, टेबलांवर सावलीला छपरं असतात, भिंतीवर मोठा नकाशा असतो. माझ्या मिनीव्हॅनमध्ये जे नाही, ते आरव्हीतही नाही, हे तिथे सगळ्यांसमोर सिद्ध व्हायचं. मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचो, "अरे वा, तुम्हीही थांबलात?"

आणि मी बाबांपाशी जायचो. "बाबा, आता जरा माझ्या गाडीत? पाय मोकळे होतील."

"पाय तिकडेच मोकळे आहेत," ते म्हणायचे. "पुढच्या स्टॉपला बघू."

पुढच्या स्टॉपला तेच. त्याच्या पुढच्या स्टॉपला तर ते हातात चहाचा कप घेऊनच उतरले. आलं घातलेला. आरव्ही धावत असतानाच मेहुणीने केलेला. माझ्यासाठी बायकोने थर्मासमध्ये आणून दिला, पण तो थर्मासचा चहा. मी तो नकाशासमोर उभा राहून प्यायलो. नकाशावर लाल ठिपका होता, 'तुम्ही इथे आहात'. दिसतंच आहे, म्हटलं.

ऑडेसा गाव मागे पडल्यावर जमीन अगदी सपाट झाली. दोन्ही बाजूंना जमिनीतून तेल उपसणारे पंप मान खाली-वर करत होते. पुढचा रेस्ट एरिया आला आणि आरव्हीचा वळायचा सिग्नल लागला. पण वळणावर नारिंगी शंकू आडवे. पाटी: बंद आहे. दुरुस्ती चालू असावी. आरव्ही क्षणभर घुटमळली आणि पुढे निघाली.

पाचेक मिनिटांत बायकोचा फोन. आवाज दबका.

"अहो, बाबा आत गेलेत."

"आत कुठे?"

"आत हो! संडासात."

"बरं मग?"

"बरं मग काय? बराच वेळ झाला."

मी ओठ दाबून धरले. खरं सांगायचं तर मला हसू फुटलं होतं. "साडू काय म्हणतोय?"

"काही नाही. सरळ समोर बघून गाडी चालवतोय. मुलं इअरफोन लावून बसलीत. ताई आणि मी मोठ्याने भाजीबद्दल बोलतोय."

इथे 'ताई' म्हणजे मेहुणीच. वयाने लहान, पण रुबाबाने थोरली. घरात सगळेच तिला ताई म्हणतात. त्या घरात थोरलेपणाचं हे असंच आहे. मला ते आधीच कळायला हवं होतं.

नाट्यगीताचा आवाज मी वाढवला. आता होणार. आता त्या पायलटच्या खुर्चीचं काय होतं बघू.

न्यू मेक्सिकोत शिरल्यावर एका ठिकाणी डंप स्टेशन होतं. म्हणजे टाकी रिकामी करायची सोय. सिमेंटचा उतार, जमिनीत झाकण लावलेलं भोक, बाजूला एक नळ आणि त्यावर लाल अक्षरांत पाटी, की हे पाणी पिऊ नये. आमच्या पुढे एक म्हातारं गोरं जोडपं निवांत आपलं काम उरकत होतं. आजी खुर्ची टाकून पुस्तक वाचत होत्या.

साडू आरव्हीतून उतरला तो कागदासारखा पांढरा पडला होता. हातात नळी होती, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच.

बाबा त्याच्या मागोमाग उतरले. खाली बघत. "द्या ती इकडे," ते म्हणाले. "मी करतो. जावयाच्या हातून हे काम? नाही जी. लोक काय म्हणतील?"

"बाबा, इथे लोक कोण आहेत?" मेहुणी म्हणाली.

"मी आहे ना."

त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. इस्त्री मोडल्यासारखा. त्यांच्या पिढीत जावयासमोर सासरा मोठ्याने जांभईसुद्धा देत नाही. आणि इथे भर दुपारी, दोन्ही जावई, दोन्ही लेकी, नातवंडं, आणि ती नळी.

मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण त्याच क्षणी मला दुसरंही काही दिसलं: साडूला काहीच येत नव्हतं. तो नळीचं कुठलं टोक कुठे लावायचं हे बघत होता. आणि मी? माझा इतक्या वर्षांचा अभ्यास होता!

मी धावलोच. "सरक," मी म्हणालो. "थोरला जावई मी आहे."

"अरे पण गाडी माझी आहे, यार."

"गाडी तुझी, सासरे दोघांचे. हातमोजे कुठे आहेत?"

आम्ही दोघांनी त्या हातमोज्यांसाठी अक्षरशः झटापट केली. मुलगी फोन काढून म्हणाली, "आर यू गाइज फायटिंग टु क्लीन द पूप?" पलीकडच्या आजींनी पुस्तक मिटलं.

हातमोजे मला मिळाले. मी नळी जोडली, दुसरं टोक भोकात घातलं, ते उडू नये म्हणून वर वीट ठेवली. "आधी संडासाची टाकी, मग सिंकची," मी मोठ्याने सांगत होतो, "म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते." झडप ओढली. काम चोख झालं. एक थेंब बाहेर नाही. पलीकडच्या आजोबांनी मला अंगठा दाखवला. माझ्या आयुष्यात एखाद्या अभ्यासाचं असं सार्थक झालं नव्हतं. मी घामाने निथळत, वासात उभा राहून, मागे वळून बाबांकडे पाहिलं. कौतुकाचा तो एक शब्द आता येणार.

बाबा माझ्याकडे बघतच नव्हते.

माझे हात गुंतले होते तेवढ्यात साडूने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो म्हणत होता, "बाबा, लग्नात सगळ्या मांडवासमोर तुम्ही माझे पाय धुतलेत. तुम्ही तेव्हा लाजलात का? मग हे त्याहून काय मोठं आहे?"

बाबांनी चष्मा काढला. रुमालाने पुसला. माझी बायको डोळे पुसायला लागली, मेहुणी तर रडायलाच लागली.

पाय माझेही धुतले होते हो त्यांनी! आधी माझेच! पण हे मला सुचलं नाही. मला वीट ठेवायचं सुचलं.

साडूने मग तिथेच जाहीर केलं, "आजपासून बंदी उठली. सगळ्यांना ओपन. टाकी कशी रिकामी करतात ते आता आपल्याला येतं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. 'आपल्याला' येतं म्हणे.

मी हातमोजे कचऱ्यात टाकले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, आणि एकटाच मिनीव्हॅनकडे निघालो. दार उघडलं तर पलीकडचं दारही उघडलं. बाबा आत चढत होते. उशी त्यांनी उचलून पाहिली आणि नीट कमरेमागे लावली.

"तिकडे नाही बसत आता," ते पुढे बघत म्हणाले. "तिकडचं ते दार समोर दिसतं. इथे बरं आहे."

मी सीट गरम करायचं बटण दाबलं. नाट्यगीत लावलं. ते बोटांनी गुडघ्यावर ताल धरायला लागले, आणि मला वाटलं, जमलं. इतक्या वर्षांनी जमलं.

मग पुढचा रेस्ट एरिया आला. बंदी उठल्यामुळे आरव्हीला आता थांबायची गरजच नव्हती. ती दिमाखात पुढे निघून गेली. मागच्या खिडकीतून माझ्या मुलीने हात हलवला. आम्हाला मात्र थांबावं लागलं, कारण मिनीव्हॅनमध्ये काही नाही, आणि बाबांनी सकाळपासून आल्याचा चहा भरपूर घेतलेला.

ते बाहेर आले तेव्हा मी छपराखालच्या टेबलावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मांडून बसलो होतो. ते समोर बसले. वारा होता, कागदी बशा उडत होत्या, आम्ही एकेका हाताने त्या धरून खाल्लं. दूरवर डोंगर निळे दिसत होते.

"बापू," ते म्हणाले. मला बापू ते लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणत होते. माझा घास थांबला.

"बोला बाबा."

"धाकट्याने काय शब्द काढले हो. एकदम मनाला लागले. असं बोलायला मन मोठं लागतं."

"लागतं," मी म्हणालो.

"तुम्हीही मदत केलीत त्याला. चांगलं केलं."

मदत! मी चटणी त्यांच्यापुढे सरकवली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "हो का? लगेच निघतो." फोन खिशात ठेवत ते म्हणाले, "पुढे थांबलेत ते आपल्यासाठी. ताई भजी तळते आहे. त्या दाराला म्हणे पडदा लावलाय. बसतो मग मी तिकडेच. तुम्हालाही सामान घेऊन मोकळं चालवता येईल."

मी दशम्यांचा डबा बंद केला. झाकण नीट बसलं आहे ना ते पुन्हा पाहिलं. मग टेबल पुसलं. मग बाटल्या भरून घेतल्या. भिंतीवरचा नकाशा बाबांना सगळा समजावून सांगितला.

महामार्गाला लागल्यावर मी अगदी उजव्या, म्हणजे इथल्या सावकाश जाणाऱ्यांच्या लेनमध्ये गेलो. एक ट्रक आमच्या पुढे गेला. मग गवताच्या गाठोड्यांनी भरलेला एक जुना पिकअप गेला. बाबा त्याच्याकडे बघत होते.

"जरा दाबा की," ते म्हणाले. "भजी थंड होतील."

"बाबा, ह्या भागात पोलीस फार असतात."

त्यांनी समोर पाहिलं, मागे वळून पाहिलं. दोन्हीकडे रस्ता रिकामा होता. मग त्यांनी उशी थोडी सारखी केली, बडीशेपेची डबी उघडली, आणि माझ्यापुढे धरली.

"बरं," ते म्हणाले. "ते मघाचं गाणं परत लावा."