चारशेचं मशीन पाचशेवर

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचं भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं उरकून मी पडवीत कॉम्प्युटरसमोर बसायची तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असत. सहाला त्यांचा चहा. मधल्या चार तासांत लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं अशी छपाईची कामं. फोटो असलेलं पान पडद्यावर यायला इतका वेळ लागे, की मी बसल्या जागी पेंगायची.

टपालाने येणाऱ्या एका मासिकात वाचलं, की प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवता येतो. मदरबोर्डवर बारीक पिना असतात. त्यांच्यावर जंपर नावाच्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. टोपी कुठल्या पिनांवर बसवली, त्यावर प्रोसेसरचा गुणक ठरतो. आमचा शंभर गुणिले चार, म्हणजे चारशे मेगाहर्ट्झचा. बोर्डाच्या पुस्तिकेतला तक्ता समोर धरून मी भुवयांच्या चिमट्याने टोप्या हलवल्या. गुणक साडेचार केला, चालला. पाच केला, तर सुरूच होईना. मग व्होल्टेज दोन पूर्णांक दोनचं दोन पूर्णांक चार केलं, आणि झाला सुरू. फोटोचं पान चटकन समोर आलं. खूप दिवसांनी मी एकटीच हसले.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बिघडला तर कोल्हापूरहून माणूस बोलवायला लागेल हां."

बिघडला नाही. थंडीचे दिवस होते.

फेब्रुवारीत चाचा यायला लागले. जयगडचे. बोटींच्या इंजिनरूममध्ये उमेदीची सगळी वर्षं घालवलेले. आखातात वाढणाऱ्या नातींसाठी त्यांना आपल्या सफरी लिहून ठेवायच्या होत्या. हात थरथरत, म्हणून ते सांगत आणि मी थेट टाइप करी. आठवड्यातून दोनदा दुपारच्या एसटीने यायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि मागच्या वेळी जिथे थांबले तिथून अचूक पुढे सुरू करायचे.

एप्रिलमधल्या एका दुपारी मात्र ते अडखळत बोलत होते. "मला लय झोप येत होती. मी बरोबरच्या एकाला म्हटला, माझी ड्यूटी तू कर. तो गेला खाली." त्याच ड्यूटीवर वाफेचा पाइप फुटला. त्यात तो भाजून मेला. त्यांच्याच वयाचा, नवीन लग्न झालेला. चाचा बराच वेळ त्याच्याबद्दल सांगत राहिले. मग म्हणाले, "हा मी घरात कोणाला सांगितलेला नाय."

माझी बोटं चालू होती. वर बघितलं तर पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजलेला. कुठलंही बटण दाबा, काही नाही. बंद करून परत सुरू केला. त्या दिवसाची फाइल उघडली, तर नुसते चौकोन आणि चिन्हं. मागचं सगळं फ्लॉपीवर होतं. आजचं कुठेच नव्हतं.

"काय झाला गो बाय?"

मी सांगितलं. त्यांनी उठून कॉम्प्युटरच्या डब्याला तळवा लावला. "लय तापलाय."

"चूक माझी आहे, चाचा. मीच त्याला जास्त पळवत होते." आणि टोप्यांची सगळी हकीकत सांगितली.

"किती दिवस?"

"पाच महिने."

"थंडीत चालता. इंजिनाचा पण तसाच. उन्हाळ्यात कळता." रागावले असते तर बरं झालं असतं.

"परत सांगता? मी हाताने लिहून घेते."

त्यांनी टोपी घातली. "आता नको. एकदा सांगून झाला." पाणी प्यायले आणि स्टँडकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी मी टोप्या जागच्या जागी बसवल्या. गुणक चार, आणि व्होल्टेज दोन पूर्णांक दोन. पाच मिनिटांचं काम. मशीन पुन्हा अडकलं नाही. मला त्याचं काहीच वाटलं नाही. पान सावकाश उतरू लागलं आणि मी पुन्हा पेंगू लागले.

चाचांचं बोलणं मला जवळजवळ सगळं आठवत होतं. दोन पानं मी आठवून टाइप केली आणि पुढच्या खेपेला वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. एक शब्दही दुरुस्त केला नाही.

"बरोबर लिवलंस. आता काढून टाक."

"नातींना कळायला नको?"

"बोललो तेव्हा तू ऐकलंस ना? बस झाला. तिथे लिही, त्या सफरीत आमचा एक माणूस गेला."

मी दोन्ही पानं पुसली आणि ती ओळ लिहिली. मग त्यांनी पुढच्या बोटीची गोष्ट सुरू केली.

त्यांच्या सफरींच्या पुस्तिकेच्या प्रती पावसाच्या आधी बांधून दिल्या. चाचा गेल्यावर काही वर्षांनी त्यांची मोठी नात सुट्टीत आली होती, ती मला शोधत घरी आली. तिने पुस्तिका उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. "हा कोण माणूस? आजोबांनी तुम्हाला काही सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "नाही गं." आणि चहा टाकायला आत गेले.