निम्मं तिचं, निम्मं माझं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही. आणि सुरुवात कुठून करू? रोझलीनपासूनच करते.

२००४ साल असावं. मी अमरावतीहून अमेरिकेत येऊन पिस्कॅटवेला राहत होते, स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करत होते. दर शनिवारी सकाळी गावातल्या लायब्ररीत, बाहेरच्या देशांतून आलेल्या बायकांना इंग्रजी लिहायला शिकवायचे. फुकट. माझी रूममेट म्हणायची, "यार, आधी स्वतःचा थिसिस लिही ना." पण मला तिथे जायला आवडायचं. का? सगळ्या मला टीचर म्हणायच्या म्हणून? असेलही.

रोझलीन हैतीची. नर्सिंग होममध्ये, म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमात, म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, भरवायची. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, तरी तिच्यासाठीही मी टीचरच. पहिले काही आठवडे ती वर्गात तोंडच उघडत नव्हती. मग एकदा तिने वही पुढे केली. सहा पानं, इंग्रजीत.

तिच्या गावची हकिकत होती. नवऱ्यांचा मार खाणाऱ्या अकरा बायका पोलिसांत तक्रार करायला निघाल्या. लिहिता येणारी एकटी रोझलीन, म्हणून सगळ्यांच्या तक्रारी तिने लिहून घेतल्या — जी जशी बोलली तशाच. ठाण्यातल्या साहेबाने कागद चाळले आणि म्हणाला, अक्षर एकच आहे, म्हणजे बोलणारी बाईही एकच. कागद परत. शेवटी तिने लिहिलं होतं, की त्या दिवसापासून ती लिहितेच आहे — कोणी कागद परत केले तरी.

वाचून संपलं तशी मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं. भाषा साधी होती, पण एकही वाक्य जास्तीचं नव्हतं. मी त्यात काय केलं? स्पेलिंगं सुधारली. कुठे एखादा स्वल्पविराम टाकला. बस, तेवढंच.

लायब्ररी त्या वर्षी अशा बायकांनी लिहिलेल्या मजकुराचं एक छोटं पुस्तक काढणार होती. मीही एक लेख दिला होता — आईच्या स्वयंपाकघराबद्दल. पुस्तकाचं काम बघणाऱ्या निवृत्त शिक्षिका डोरोथी यांनी तो 'छान आहे' म्हणत परत केला होता. हे मी का सांगतेय? कारण म्हणून नाही. झालं होतं, म्हणून सांगतेय.

रोझलीनची सहा पानंही पुस्तकासाठी त्यांच्याकडे गेली होती. एका शनिवारी पार्किंगमध्ये डोरोथी भेटल्या. म्हणाल्या, "रोझलीनचं वाचून मी रडले. खरं सांग, यात तुझं किती आहे?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता — कौतुक होतं, आणि ते माझ्यासाठी होतं. मी हसले. म्हणाले, "निम्मं तिचं, निम्मं माझं म्हणा."

त्यांचा चेहरा उतरला. बाईने स्वतः लिहिलेलंच पुस्तकात घ्यायचं, असं ठरलेलं होतं. मला ते माहीत होतं का? इतकी वर्षं मी स्वतःला हेच विचारतेय. पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं, म्हणजे माहीत असणार. नाही, असं नाही, सगळं तिचंच आहे — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? डोरोथी गाडीत बसेपर्यंत मी तिथेच उभी होते.

मत्सर होता का? की म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारी बाई असं लिहू शकते, हे मलाच पटत नव्हतं? कधी वाटतं हे, कधी ते. ठाण्यातल्या साहेबाने निदान त्या बायकांना बोलताना ऐकलं नव्हतं. मी तर तिची वही स्वतः तपासली होती.

रोझलीनला कळवलं गेलं, की पुस्तकात जागा उरली नाही. ती वही घेऊन माझ्याकडेच आली. "टीचर, तुम्ही खोटं बोलणार नाही. माझं इंग्रजी वाईट आहे का?"

मी म्हणाले, "अजून थोडी मेहनत घ्यायला हवी."

तिने मान डोलावली, वही पिशवीत घातली. त्यानंतर दोन शनिवार आली. मग नाही.

तीन वर्षांनी ती दुकानात भेटली, भाज्यांपाशी. तिने मला मिठी मारली, थिसिसचं विचारलं. मी विचारलं, "अजून लिहिता का?"

"नाही," ती म्हणाली. "बरं झालं, तेव्हा तुम्ही खरं सांगितलंत. उगाच वेळ घालवला असता मी." आणि मनापासून हसली.

मी तिच्या ट्रॉलीतल्या कोबीकडे बघत राहिले. मग येते म्हणाले, आणि ती ज्या रांगेत उभी राहिली, ती सोडून दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिले.