कावळा न शिवलेलं पान

ती घटना आठवली की आजही जेवताना माझा हात मध्येच थांबतो. आणि त्याच प्रकरणात मी खणलेला खड्डा आठवला की आमच्या घरात हसण्याची एकच लाट उठते. दोन्ही सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही, म्हणून दोन्ही सांगतो.

तेव्हा मी बसवनगुडी भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. आमचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूचं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मराठी घरातली काही भानगड आली की सगळं ठाणं माझ्याकडे बघायचं आणि मीही छाती फुगवायचो. ठाण्याच्या प्रमुख इन्स्पेक्टर मॅडम वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांना सलाम ठोकताना माझा हात जरा जडच उठायचा.

आमच्याच समाजातली एक बाई नवरा हरवल्याची तक्रार घेऊन आली. नवरा एका कारखान्यातून निवृत्त झालेला फोरमन. “सकाळी भाजीला गेले, आले नाहीत.” डोळ्यांत पाणी नाही. वर्णन लिहून घेताना कपड्यांपाशी ती अडखळली. मग म्हणाली, “पांढरा शर्ट.”

आम्ही तक्रार नोंदवली, फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला, इस्पितळं आणि बसस्टँड पाहिले. मोबाइल घरीच होता. गल्लीतल्या कॅमेऱ्यासमोर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर होता. कॅमेऱ्याने आठवडाभर फक्त त्याची पाठ चित्रित केली होती.

दोन दिवसांनी त्या बाईचे शेजारी ठाण्यात आले. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. “सार, स्वल्प बाजूला या,” म्हणाले. “अक्का रोज दुपारी गच्चीवर केळीचं पान वाढते. भात, मटण. कावळ्याला हाका मारते.”

 मेलेल्या माणसाचं पान वाढतात. हरवलेल्याचं नाही.

दुपारी मी शेजाऱ्यांच्या गच्चीवरून पाहिलं. पान वाढलेलं. कठड्यावर कावळ्यांची रांग. एरवी पोराच्या हातचा लाडू पळवणारे ते पक्षी गप्प बसून पानाकडे बघत होते. एकही पुढे येईना. अक्का हात जोडून उभी, ओठ हलत होते. वारा पडलेला. मला काय झालं कुणास ठाऊक, गणवेशात असतानाही मी हात जोडले आणि पुटपुटलो, “तुमचा खुनी धरतो. आता शिवा.” एका कावळ्याने पाय बदलला, बस.

महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी लगेच तिच्या घरी चौकशीला गेलो.

“अक्का, पान कुणासाठी?”

“आमच्या घरच्यांसाठी.”

“ते भाजीला गेलेत ना? जित्या माणसाचं पान कोण वाढतं?”

 तिनेच उलट विचारलं, “अण्णा, तुम्ही गच्चीवरून बघत होता. कावळा शिवला का?”

“नाही.”

आणि ती हसली. इतक्या वर्षांच्या नोकरीत कसलेले गुन्हेगार पाहिले, पण त्या हसण्याने माझ्या पाठीतून थंड शिरशिरी गेली.

मागच्या अंगणात ताज्या सिमेंटचा चौकोन होता. झालं, माझ्या डोक्यात प्रकरण सुटलं. प्रेत उकरायचं तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो, पंच लागतात, मुख्य म्हणजे मॅडमना सांगावं लागतं. मी स्वतःशी वाद घातला की प्रेत अजून मिळालंय कुठे? आधी मिळू दे, मग परवानगी. दोन मजूर आणून पहार मारायला लावली. गल्ली जमली. मोबाइल वर झाले. कुणीतरी “खुनी बाई” असं ओरडलं. अक्का दारात दगडासारखी उभी.

पहारीखाली काहीतरी फुटलं आणि पाण्याचा फवारा सरळ माझ्या तोंडावर आला. मी नळाची मोठी पाइप फोडली होती. उन्हाळ्याचे दिवस, नळाला कावेरीचं पाणी क्वचितच, टँकरवर जगणारी गल्ली. “कावेरी आली!” म्हणत खून विसरून लोक बादल्या घेऊन धावले.

त्या गोंधळात मॅडमची जीप आली. एकाने मोबाइल त्यांच्या तोंडापुढे धरून विचारलं, “हे खणायला कुणी सांगितलं?” मी माझ्या बुटांचा अभ्यास करू लागलो.

“ठाणं माझं आहे,” मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या. “चूक माझी.” मग गर्दीसमोर त्यांनी अक्कापुढे हात जोडले. “तुमच्या दारात आम्ही तमाशा केला. माफ करा, अक्का.” माझ्याजवळून जाताना हळूच पुटपुटल्या, “खड्डा बुजवायचा तुम्हीच. मजूर न लावता.”

अक्काचा चेहरा तेव्हा हलला. तिने मॅडमचा हात धरून त्यांना आत नेलं. मी चिखल गाळत उंबऱ्याबाहेर थांबलो.

“भाजीला नाही गेले,” ती म्हणाली. “पहाटे कारखान्याचा जुना गणवेश घालून निघाले. वर्षभर डोकं ठिकाणावर नाही त्यांचं. मशीन बसवायचंय म्हणून अंगण खणलं, ते मी लिंपून घेतलं. एवढी माणसं सांभाळली त्यांनी. दसऱ्याला अजून लोक पाया पडायला येतात. ते येडे झाले असं कुणाला सांगू?”

“मग पान?” मी बाहेरून विचारलं.

“कावळा शिवत नाही, म्हणजे हे अजून आहेत. रोज तेवढंच बघते. आज तुम्ही गच्चीवरून गेल्यावर एक कावळा पानाच्या कडेला येऊन बसला, अण्णा.”

 अक्काला जीपमध्ये घेऊन आम्ही तडक कारखान्याकडे निघालो.

कारखाना शहराबाहेर, केव्हाचाच बंद. गेटवरचा पहारेकरी म्हणाला, कुणी आलं नाही. मागच्या बाजूला कंपाउंड पडलं होतं, तिथून शिरलो. मोठी शेड. मशीन विकून गेलेली, जमिनीत नुसते गंजके बोल्ट आणि उघड्या तोंडाचे खड्डे. धुळीत एकाच माणसाच्या पावलांचे ठसे होते. सरळ रेषेत जाणारे, परत येणारे, पुन्हा जाणारे. जिथे जिथे एकेकाळी मशीन होतं तिथे पावलं थांबलेली. आणि त्या प्रत्येक जागी आवारातल्या झाडाचा एकेक पेरू नीट मांडून ठेवलेला. एकालाही दात लागलेला नव्हता.

टोकाला ते उभे होते. निळा गणवेश, ओठ फुटलेले, मागे दोन हातांवर खोल खड्डा.

“अहो, घरी चला,” अक्काने हाक मारली.

“शिफ्ट चालू आहे. माणसं आत आहेत, टाकून कसा येऊ?”

मी शहाणा पुढे झालो. “इथे कुणी नाही हो! कारखाना बंद पडून जमाना झाला.”

ते दचकले आणि एक पाऊल मागे सरकले. खडे खड्ड्यात पडल्याचा आवाज आला. मॅडमनी मला हाताने अडवलं. मग टाचा जोडून, माझ्याकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, “सर, दुसरी शिफ्ट मी. चार्ज घ्यायला आली.”

फोरमननी मॅडमना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “उशीर केलात.”

“हो सर. चुकलं.”

“पुन्हा नको. आणि आधी माझी माणसं बाहेर जातील.”

खड्डा सोडून ते दारापाशी आले. मी नेमका दारात. “साहेब, वाट सोडा की!” मी बाजूला झालो. मग त्या रिकाम्या शेडमधून ते एकेकाला मान हलवून सोडू लागले. “सावकाश.” “गुडघा कसा आहे?” “उद्या वेळेवर.” शेडमध्ये दुसरा आवाज नव्हता. अक्का, मॅडम, कॉन्स्टेबल, सगळे खाली बघत उभे होते. शेवटी ते म्हणाले, “झाले सगळे,” आणि अक्काच्या हातात हात दिला. तेव्हा कुठे ते खाली बसले. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस निघाला नसता.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. खरं काय ते पहार मारून काढायचं असतं, अशी माझी समजूत होती. त्याने पाइप फुटते. ते खरं अक्कापाशीच होतं, आणि आपली चूक नसताना जिने ती अंगावर घेतली, तिलाच तिने ते सांगितलं. तसा वरिष्ठ मला नोकरीच्या अगदी शेवटी भेटला, हे नशीबच.

त्या दारातून कुणी गेलं का, हेही विचारतात. मला कुणी दिसलं नाही. पण पाठ भिंतीला टेकवून, पोट आत ओढून उभा होतो मी. कुणाला धक्का लागू नये म्हणून.